घाटेअळीपुढे हरभरा हतबल का?

हिवाळ्यात पहाटे हरभऱ्याच्या शेतातून गेल्यास कपड्यांना जो आंबट ओलावा लागतो, त्याला शेतकरी ‘आंब’ म्हणतात. पानांवरील सूक्ष्म केसांतून पाझरणारी मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ले तिच्यात असतात. रात्री पिकावर कापड पसरून ती गोळा करण्याची जुनी रीत आहे. किडींना ही आंब सहसा मानवत नाही. पण हा बाहेरचा पहारा चुकवून घाटेअळी घाट्याला भोक पाडते, तेव्हा तिची गाठ दाण्यातील प्रथिनांशी पडते.

हरभऱ्याच्या वाळलेल्या दाण्यात वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा प्रथिनांचा असतो. त्यांपैकी बहुतेक म्हणजे अंकुरासाठी बांधून ठेवलेली शिदोरी. थोडी मात्र राखणदार. अळीच्या आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरे, म्हणजे एन्झाइम, अन्नातील प्रथिनांचे तुकडे करतात. राखणदार प्रथिने या विकरांच्या नेमक्या कार्यस्थानी घट्ट बसतात आणि त्यांचे काम थांबवतात. पोट भरलेले असूनही अळीचे पोषण होत नाही. (कच्चा हरभरा माणसालाही पचायला जड जातो, त्यात या प्रथिनांचा वाटा असतो. शिजवताना उष्णतेने ती बरीचशी निकामी होतात.) टोमॅटो-बटाट्याची पाने किडीने कुरतडली की झाड अशी प्रथिने नव्याने तयार करते, हे अमेरिकेत ग्रीन व रायन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले होते.

मग याच दाण्यांवर घाटेअळी पोसते कशी? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आदी संशोधकांनी १९९८ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. अळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्याच्या राखणदार प्रथिनांचेच तुकडे करतात. पहारेकरीच चोराचा घास ठरावा, असा हा प्रकार. अळी आणि हरभरा यांचा सहवास जुना असल्याने तिला या प्रथिनांची ओळख झालेली आहे, असे म्हणता येईल.

म्हणून या गटाने अळीच्या नेहमीच्या आहारात नसलेल्या वनस्पतींकडे मोर्चा वळवला. भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांतील अवरोधक प्रथिनांनी अळीची वाढ खुंटल्याचे १९९९ च्या शोधनिबंधात नमूद आहे. मात्र एकच प्रथिन सतत दिल्यास अळी वेगळी विकरे वापरू लागते. त्यामुळे ती आलटून पालटून वापरावी लागतील, असेही त्यात म्हटले आहे. शेतकऱ्याची भिस्त मात्र अजूनही कामगंध सापळे, निंबोळी अर्क आणि फवारणीवरच आहे.