तारेला पीळ कशासाठी?

दोरीला पीळ घालतात तो बळकटीसाठी. अंबाडीचा सुटा धागा बोटाच्या हिसक्याने तुटतो; तेच धागे वळून दावे केले, म्हणजे त्याला दांडगा बैलही बांधून ठेवता येतो. कचेरीतील संगणक एकमेकांस जोडणारी जी निळी किंवा करडी केबल भिंतीच्या कडेने गेलेली असते, तिचे आवरण सोलून पाहिले तर आत तांब्याच्या आठ बारीक तारा दिसतात. त्या दोन-दोनांच्या चार जोड्या करून पिळलेल्या असतात. ह्या पिळाचा बळकटीशी संबंध नाही. त्याचे प्रयोजन अगदी निराळे आहे. आणि ते ध्यानी न घेतल्यास दिसण्यात निर्दोष असलेले तारकामही कुचकामी ठरते.

ही युक्ती संगणकाहून पुष्कळच जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्या प्रारंभीच्या काळात एकाच तारेवरून बोलणे जाई आणि परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग केला जाई. तारायंत्राला ही व्यवस्था पुरेशी होती. टेलिफोन मात्र फार हळव्या कानाचा. शेजारून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारेतील टकटक त्यात ऐकू येई. पुढे शहरांतून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या, तेव्हा तर बोलणे ऐकू येणेच मुश्कील झाले. परतीसाठी जमिनीऐवजी दुसरी तार घ्यावी आणि दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळाव्या, हा उपाय बेल ह्यांनीच सुचविला व १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. खांबांवरून उघड्या जाणाऱ्या तारांना पीळ घालणे शक्य नव्हते. म्हणून ठरावीक अंतरावर त्यांच्या जागांची अदलाबदल करण्यात येऊ लागली. तत्त्व एकच.

ते तत्त्व असे. कोणत्याही तारेतून बदलता प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही बदलते, आणि त्याच्या टप्प्यात येणाऱ्या दुसऱ्या तारेत लहानसा दाब निर्माण होतो. हाच उपद्रव. तो टाळण्यासाठी जोडीतील एका तारेवर जितका धन दाब द्यावयाचा, तितकाच ऋण दाब त्याच क्षणी दुसरीवर देतात. पलीकडचे यंत्र कोणत्याही एका तारेकडे पाहत नाही. दोहोंतील फरक तेवढा पाहते. समजा, एका तारेवर अधिक १ व्होल्ट आणि दुसरीवर उणे १ व्होल्ट आहे. फरक २ व्होल्टांचा झाला. वाटेत दोन्ही तारांना बाहेरून ०.३ व्होल्टाचा उपद्रव लागला, तर एक होईल अधिक १.३ आणि दुसरी उणे ०.७. फरक मोजावा, तो पुन्हा २ च! उपद्रव आला खरा, परंतु वजाबाकीत नाहीसा झाला.

मात्र ह्यात एक अट आहे. उपद्रव दोन्ही तारांना सारखाच लागला पाहिजे. दोन तारा नुसत्या शेजारी-शेजारी सरळ नेल्या, तर उपद्रवाच्या बाजूची तार नेहमी जवळ आणि दुसरी नेहमी लांब राहील. जवळचीला अधिक लागेल, लांबचीला कमी. आणि तेवढी तफावत संदेशात मिसळेल. खळ्यावर मळणीच्या वेळी तिवड्याजवळचा बैल लहान फेरा घेतो आणि कडेचा मोठा. दिवसभर जागा न बदलल्यास कडेचा बैल अधिक थकेल. त्या वरचेवर बदलल्या तर दोघांना श्रम सारखे पडतील. पीळ हेच काम करतो. दर अर्ध्या वेढ्याला तारांच्या जागा बदलतात, आणि एका अर्ध्या वेढ्यात झालेली तफावत पुढच्या अर्ध्या वेढ्यात उलट दिशेने होऊन फिटते. उपद्रव देण्याच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो: पिळलेल्या जोडीतील दोन विरुद्ध प्रवाहांची क्षेत्रे थोड्या अंतरावरच एकमेकांना मारक ठरतात. म्हणून अशी जोडी शेजाऱ्याचा त्रास कमी करून घेते आणि शेजाऱ्याला त्रासही कमी देते.

संगणकांच्या जाळ्यात ह्या जुन्या युक्तीचा शिरकाव काहीसा उशिरा झाला. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज ह्यांनी १९७३ पासून जी ईथरनेट पद्धती उभारली, तिच्यात एकच जाड समाक्ष केबल सर्व यंत्रांत सामाईक असे. ती ताठ व महाग असून एका ठिकाणी बिघडली की सारे जाळे ठप्प होई. उलट टेलिफोनच्या पिळदार तारा कार्यालयांच्या भिंतींतून आधीच फिरलेल्या होत्या. अशा तारांवरून दर सेकंदास १ कोटी अंश पाठविण्याचे प्रमाण १९९० साली ठरले. १९९५ मध्ये हा वेग दसपट झाला, १९९९ मध्ये आणखी दसपट, आणि २००६ मध्ये पुन्हा दसपट. पहिल्या दोन वेगांना चारांपैकी दोन जोड्या पुरत. १९९९ च्या पद्धतीत चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी राबतात.

चारही जोड्या एका आवरणात नांदत असल्यामुळे त्यांच्या पिळाविषयी आणखी एक दक्षता घ्यावी लागते. सर्वांचा पीळ सारखाच ठेवला, तर दोन शेजारी जोड्यांतील तारा पावलाला पाऊल लावून चालतील, तीच तार सदैव त्याच तारेलगत येईल आणि जागा बदलण्याचा लाभ उरणार नाही. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. एक घट्ट, दुसरी किंचित सैल. ह्याची निकड एका गोष्टीवरून कळेल. अशा केबलची कमाल लांबी १०० मीटर धरलेली आहे. वेगवान संदेश तेवढी मजल मारून पोचतो, तेव्हा त्याची शक्ती मूळच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास उरलेली असू शकते. जेथे हा क्षीण संदेश ऐकावयाचा, तेथूनच स्वतःचा जोरकस संदेश शेजारच्या जोडीवर निघत असतो. कानाशी कोणी ओरडत असताना दुरून आलेली कुजबुज ऐकावी, तशातला हा प्रकार. ती ऐकू येते, ती पिळाच्या पुण्याईने.

प्रत्यक्ष कामात घोटाळा होतो तो टोकाशी. प्लगमध्ये आठ खाचा असतात. पहिली-दुसरी ही एक जोडी, चौथी-पाचवी ही दुसरी, सातवी-आठवी ही तिसरी. आणि उरलेली जोडी मात्र तिसऱ्या व सहाव्या खाचेत विभागलेली. मधल्या दोन खाचा टेलिफोनच्या जोडीसाठी असत, त्या परंपरेचा हा वारसा होय. नवशिक्या कारागिराला तो विचित्र वाटतो. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने बसवाव्या, दोन्ही टोकांना क्रम सारखा ठेवावा, म्हणजे काम चोख झाले, असे त्याला वाटते. दिव्यांचे साधे तपासयंत्र लावले तर आठही दिवे क्रमाने लागतात. तरीही काम चुकलेले असते; कारण तिसऱ्या व सहाव्या खाचेत आता दोन निरनिराळ्या जोड्यांतील एकेक तार आलेली असते. ज्या दोन तारांतील फरक मोजावयाचा, त्या एकमेकींशी पिळलेल्याच नाहीत!

हा दोष फसवा आहे. केबल आखूड असली आणि वेग कमी असला, तर काम चालूनही जाते. वेग वाढला की संदेशाचे काही तुकडे बिघडतात. ईथरनेट प्रत्येक तुकड्याबरोबर पडताळ्याचा एक आकडा पाठविते. आकडा न जुळल्यास तो तुकडा टाकून दिला जातो आणि पुन्हा मागवावा लागतो. त्यामुळे जाळे बंद पडत नाही, नुसते रेंगाळते. रुग्णालयातील क्ष-किरण चित्र पडद्यावर उमटेना, शाळेतील ऑनलाइन परीक्षा मध्येच अडकली, की दोष संगणकाला दिला जातो, नवा संगणक घेतला जातो, आणि खरा अपराधी भिंतीत सुखरूप राहतो. प्लग बसविताना जोडी गरजेपेक्षा जास्त उकलणे हाही त्याच जातीचा दोष. प्रमाण असे आहे की, टोकाशी १३ मिलिमीटरांहून अधिक पीळ सुटता कामा नये.

आता ह्याच तारांवरून वीजही जाते. २००३ च्या प्रमाणानुसार एका केबलवर १५.४ वॅटपर्यंत शक्ती देता येत असे. २०१८ मध्ये ही मर्यादा ९० वॅटपर्यंत नेण्यात आली. कॅमेरे व टेलिफोन अशा विजेवर चालतात. जोडीतील दोन्ही तारांवर हा दाब सारखाच असल्यामुळे संदेशाच्या वजाबाकीत तो दिसत नाही. मात्र स्वस्ताईच्या मोहाने तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार घेतली, तर तिचा अवरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि ती त्याच प्रमाणात अधिक तापते. गठ्ठ्याने बांधलेल्या केबलींत हा ताप साठत जातो.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण हेकेखोर माणसाला उद्देशून आहे. ह्या तारांचा पीळ तितका चिवट नाही. कारागिराच्या दोन बोटांत तो क्षणात उकलतो. म्हणून घरी, शाळेत किंवा दवाखान्यात असे काम करवून घेणाऱ्याने भिंत लिंपण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या: तार निखळ तांब्याची आहे ना, रंगांचा क्रम प्रमाणाप्रमाणे आहे ना, आणि पीळ थेट प्लगच्या तोंडापर्यंत राखलेला आहे ना. तपासणी दिव्यांपुरती न ठेवता शेजारच्या जोड्यांचा उपद्रव मोजणाऱ्या यंत्राने करून घ्यावी. गिलावा झाल्यावर हाच दोष शोधावयाचा, तर भिंत फोडण्याची पाळी येते.