नाझ्काच्या रेषा : आकाशातून आणि पायवाटेवरून

पेरू देशाच्या प्रवासाची तयारी करीत असलेल्या एका वाचकाने पत्र धाडून दोन प्रश्न विचारले आहेत. नाझ्काच्या वाळवंटातील प्राचीन रेषाकृती विमानातून पाहावयाच्या असतील तर त्याची तजवीज कशी करावी, हा पहिला. आणि ज्या आकृत्या केवळ आकाशातूनच दिसतात असे सर्वत्र सांगितले जाते, त्या विमानविद्येचा गंधही नसलेल्या लोकांनी कशा व कशासाठी काढल्या, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे मात्र सविस्तरच द्यावयास हवे, कारण त्याभोवती अद्भुताचे इतके दाट धुके पसरविण्यात आले आहे की, ज्या माणसांनी हे काम केले ती माणसेच त्यात दिसेनाशी झाली आहेत.

प्रथम प्रवासाविषयी. भारतातून लिमाला थेट विमान नाही; युरोपात किंवा अमेरिकेत विमान बदलावे लागते. लिमाच्या दक्षिणेस पॅन-अमेरिकन महामार्गाने सुमारे साडेचारशे किलोमीटर गेल्यावर नाझ्का गाव लागते आणि तेथील लहान धावपट्टीवरून सुटणारे विमान अर्ध्या-पाऊण तासात मुख्य आकृत्या दाखवून परत आणते. नाझ्काच्या अलीकडच्या पिस्को येथूनही विमाने निघतात. त्यामुळे रस्त्याचा प्रवास वाचतो, पण उड्डाण सुमारे दीड तासाचे होते. विमाने इतकी लहान असतात की, प्रवाशांची वजने करून मगच त्यांच्या जागा ठरविल्या जातात. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आकृती दिसावी म्हणून वैमानिक प्रत्येक आकृतीभोवती विमान आधी एका पंखावर आणि मग दुसऱ्या पंखावर कलते करून घिरट्या घालतो. तेव्हा पोटात ढवळते, म्हणून न्याहारी हलकी असावी. दुपारी वाळवंट तापून हवा खवळते, यासाठी सकाळची वेळ उत्तम. मात्र धुके असल्यास खोळंबा होतो, म्हणून एक दिवस हाताशी राखून ठेवावा. २०१० साली दोनदा आणि २०२२ च्या फेब्रुवारीत एकदा येथे प्राणघातक अपघात झाले आहेत. तेव्हा विमानात दोन वैमानिक आहेत की नाहीत आणि कंपनीचा परवाना चालू आहे की नाही, याची चौकशी भाडे ठरविण्यापूर्वी करावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पॅसिफिकमधील थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे किनाऱ्यालगतची हवा खालून गार होते, ती वर चढत नाही आणि म्हणून पाऊस पडत नाही. पूर्वेकडची ओल अँडीज पर्वत अडवितो. अशा जवळजवळ निर्जल पठारावर युगानुयुगे पडून राहिलेल्या दगडगोट्यांवर लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा गडद तांबूस लेप चढला असून त्यांच्याखालची माती फिकट पिवळसर आहे. वरचे दगड उचलून कडेला रचले की फिकट रेघ उमटते, आणि पाऊस नसल्याने ती शतकानुशतके टिकते. इसवी सनापूर्वी सुमारे ५०० ते इसवी सन ५०० या काळात सुमारे ४५० चौरस किलोमीटरच्या या मुलुखात माणसांनी केले ते एवढेच. सत्तेचाळीस मीटरांचा कोळी, नव्वदांहून अधिक मीटरांचे माकड आणि गुंजन पक्षी, एकशे चौतीस मीटरांचा कॉन्डॉर या आकृत्यांसाठी खुंट्या, दोऱ्या, शिस्तबद्ध मोजणी आणि अपार चिकाटी यांखेरीज काहीही लागले नाही. १९८२ साली जो निकेल यांनी केंटकीमध्ये मोजक्या कुटुंबीयांना हाताशी धरून लाकडी खुंट्या व दोरी यांच्या साह्याने त्याच मापाचा कॉन्डॉर दोन दिवसांच्या आत मैदानावर उतरवून दाखविला, आणि एवढ्या साध्या साधनांनी हे जमेल का, या शंकेचे प्रात्यक्षिकानेच निराकरण केले.

या रेषांचा शोध वैमानिकांनी लावला, असे प्रवासी पुस्तकांतून वारंवार छापले जाते, आणि त्यापायी तोरीबियो मेहिया खेस्पे या पेरूच्याच पुरातत्त्वज्ञावर घोर अन्याय झाला आहे. केचुआ ही मातृभाषा असलेल्या आणि हुलिओ तेयो यांच्या हाताखाली तयार झालेल्या या संशोधकाने १९२७ साली, पायी हिंडत असता, या रेषांची शास्त्रीय नोंद केली आणि हे धार्मिक विधींचे मार्ग असावेत असे मत मांडले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकन इतिहासकार पॉल कोसोक यांनी २२ जूनच्या सायंकाळी एका रेषेच्या टोकाशी सूर्य मावळताना पाहिला आणि सारे पठारच एक खगोलशास्त्राचा ग्रंथ आहे अशी त्यांची खात्री झाली. ड्रेस्डेनमध्ये जन्मलेल्या गणितज्ञ मारिया राइखे यांनी तोच धागा उचलून, हातात मोजपट्टी व केरसुणी घेऊन, मृत्यूपर्यंत म्हणजे १९९८ पर्यंत या रेषांची झाडलोट, मोजणी आणि राखण केली; छायाचित्रे घेण्यासाठी त्या हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या दांड्यांना स्वतःस बांधूनही घेत. त्यांच्या त्यागापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. तथापि खगोलशास्त्राचा सिद्धान्त कसोटीस उतरला नाही. जेराल्ड हॉकिन्स यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या साह्याने रेषांच्या दिशा तपासल्या, तेव्हा सूर्य-चंद्र-ताऱ्यांशी जुळणाऱ्या रेषा योगायोगाने जुळाव्यात त्याहून अधिक नाहीत, असे आढळले.

त्याच वर्षी एरिक फॉन डॅनिकेन यांनी परग्रहावरील पाहुण्यांच्या धावपट्ट्यांची कल्पना बाजारात आणली आणि ती लाखो वाचकांनी उचलून धरली. १९७५ मध्ये जिम वुडमन यांनी धुराच्या फुग्यात बसून नाझ्कावर अल्प उड्डाण केले आणि प्राचीनांनाही असे करता आले असते असे सुचविले. परंतु असे फुगे त्यांनी केल्याचा पुरावा काडीमात्र नाही. या दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते हे की, चित्र काढणाऱ्याला ते संपूर्ण दिसलेच पाहिजे. हे गृहीतच मला मुळात चुकीचे वाटते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी घालणारा हजारोंचा मेळा तो डोंगर वरून पाहत नाही, पाहण्याची त्यास गरजही नाही. फेरीचा आकार पावलांनी पुरा होतो आणि तोच त्या कर्माचा हेतू असतो. नाझ्कातील बहुतेक प्राणीचित्रे एकाच अखंड रेषेने काढलेली असून ती रेषा स्वतःला कोठेही छेदत नाही. एका बाजूने आत शिरून, आकृतीची सारी वळणे घेत दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येते. रेषांच्या काठाने फोडलेल्या मडक्यांचे तुकडे विखुरलेले सापडतात. जोहान राइनहार्ड यांनी तर या साऱ्याचा संबंध डोंगर, पाणी आणि सुफलता यांच्या उपासनेशी जोडला आहे. ज्या मुलुखात पाण्याचा थेंब मोलाचा, तेथे ते मागण्यासाठी माणसांनी चालावे, हे परग्रहवासीयांपेक्षा कितीतरी अधिक सयुक्तिक आहे.

या मताला नवे बळ मिळाले ते २०२४ च्या सप्टेंबरात. जपानच्या यामागाता विद्यापीठाचे मासातो साकाई आणि त्यांचे सहकारी यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून हवाई छायाचित्रे चाळवून घेतली आणि अवघ्या सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष पाहणीत ३०३ नव्या आकृत्या निश्चित केल्या. पूर्वीच्या ज्ञात आकृत्या ४३० होत्या. यंत्राने शोध लावला, असे मथळे वृत्तपत्रांनी दिले. वस्तुतः यंत्राने ठिकाणे सुचविली आणि माणसांनी वाळवंट तुडवून खरे-खोटे ठरविले. परंतु खरी मोलाची गोष्ट वेगळीच आहे. नव्या आकृत्यांपैकी बहुतेक सरासरी नऊ मीटरांच्या असून त्यांत माणसे आणि पाळीव प्राणी यांचे चित्रण आहे, आणि त्या वळणावळणाच्या जुन्या पायवाटांच्या कडेला अशा बेताने मांडल्या आहेत की वाटसरूस चालता चालता दिसाव्यात. रेषांनी काढलेल्या भव्य प्राणीचित्रांचा संबंध साकाई यांच्या मते सामुदायिक विधींच्या मोठ्या मार्गांशी आहे. मेहिया खेस्पे यांनी पायी चालून जे ताडले होते, त्याच दिशेला सुमारे शंभर वर्षांनी संगणकही येऊन पोहोचला.

तेव्हा पत्रलेखकांना माझे सांगणे असे की, विमानात अवश्य बसावे, कारण आकृतीचे सौंदर्य वरून अधिक खुलते. परंतु त्याच मुक्कामात एक प्रहर जमिनीसाठी राखावा. महामार्गाच्या कडेला राइखे यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये उभारलेल्या मनोऱ्यावर चढून ‘हात’ आणि ‘झाड’ या आकृत्या पाहाव्यात, आणि १९३० च्या दशकात बांधलेल्या त्या रस्त्याने एका सरड्याचे दोन तुकडे कसे केले, तेही पाहून घ्यावे. नाझ्काजवळच्या कान्तायोक येथील नागमोडी विहिरींतून आजही वाहणारे भूमिगत पाट पाहिले म्हणजे पाण्याविषयीची तिथल्या लोकांची तळमळ ध्यानी येते. ठरवून दिलेल्या वाटेबाहेर मात्र एक पाऊलही टाकू नये. २०१८ च्या जानेवारीत रस्ता सोडून गेलेल्या एकाच मालमोटारीने रेषांची हानी केली, आणि १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या पृष्ठभागावर उमटलेला ठसा पुसण्यासाठी पाऊस येणार नाही.