एका नावाच्या दोन रेघा

2023 च्या सप्टेंबरात मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी शोधू लागली आणि परंड्यासह साऱ्या मराठवाड्यात वंशावळ हा कामाचा कागद झाला. परंडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे जुनी नोंद मोडीत नाहीतर उर्दूत. ती वाचून घ्यायची, खापरपणजोबापर्यंत नावं जुळवायची आणि बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशा रेघा ओढायच्या. रेघा सरळ खाली उतरत असतात, आणि एखाद्या नावापाशी पेन थबकतं. घरातली म्हातारी सांगते, "त्यो दत्तक आलेला." आता त्याची रेघ कुठून ओढायची?

मराठी घरांना हा पेच नवा नाही. मूल 'मांडीवर घेतलं', दत्तविधान झालं, की गोत्र, आडनाव आणि श्राद्धाचा हक्क बदलायचा. पण जन्म दिला ते 'जनक घराणं' हा शब्दही जपला जायचा. एकच मुलगा दोन्ही घरांचा वारस ठरला, तर शास्त्रात त्याला 'द्व्यामुष्यायण' असं भारदस्त नाव होतं. मुंबई इलाख्यात तर लग्न झालेला, मुलंबाळं असलेला माणूसही दत्तक जाऊ शकत असे. त्याची आधी जन्मलेली मुलं मात्र जनक घराण्यातच राहत. बाप एका कुळाचा, मुलगा दुसऱ्या कुळाचा!

याचं ठळक उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोटला आहे. 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज साताऱ्याकडे निघाले असताना पारद गावच्या सयाजी लोखंडे पाटलाशी चकमक झाली. पाटील पडला. त्याच्या बायकोने आपलं तान्हं पोर महाराजांच्या पायावर घातलं. रानोजी त्याचं नाव. महाराजांनी त्याला फत्तेसिंह भोसले केलं, मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटचं राजघराणं त्याच्यापासून सुरू झालं. जन्माने लोखंडे, इतिहासाने भोसले.

साताऱ्याच्या गादीची वंशावळ तर अधिकच वळणांची. शाहू महाराजांच्या पश्चात 1750 मध्ये रामराजा गादीवर आला, तो ताराबाईंनी 'हा माझा लपवून वाढवलेला नातू' म्हणून पुढे केल्यामुळे. मग बिनसलं. ताराबाईंनी त्याला कैदेत टाकलं आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातू नव्हेच. खरं काय, ते सांगणारी एकमेव साक्षीदार दोन्ही बाजूंनी बोलून गेली! या रामराजाने 1777 मध्ये वावीकर भोसल्यांचा विठोजी दत्तक घेतला, तो दुसरा शाहू.

पुढे कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाले, तर कागलचे यशवंतराव घाटगे 1884 मध्ये कोल्हापूरचे शाहू महाराज. या दोघांची जन्मगावं आणि मूळ नावं शाळकरी मुलांनाही पाठ असतात. राजवाड्याने जे उघड ठेवलं, ते साध्या घरात मात्र कुजबुजीत राहिलं.

खुद्द परंडा तालुक्यात तिसऱ्याच तऱ्हेची वंशावळ नांदते. डोमगावला समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत या मठाने जपली. इथे बापाच्या जागी गुरू, मुलाच्या जागी शिष्य. रक्ताची विचारपूसच नाही.

कायदा काय म्हणतो? 1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यानुसार दत्तक झाल्या दिवसापासून मूल नव्या घराचं. जुन्या घराशी नातं तुटलं. पण अपवाद ठेवला आहे: जन्माच्या कुळात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं, त्यांच्याशी ते पुढेही निषिद्धच. म्हणजे पुसलेली रेघ कायद्यालाही लागतेच.

ती दिसत नसेल तर? ऑस्ट्रेलियाची माजी क्रिकेट कर्णधार लिसा स्थळेकर 1979 मध्ये पुण्यात जन्मली आणि ससून रुग्णालयाच्या 'श्रीवत्स' संस्थेतून दत्तक गेली. तिचं 'स्थळेकर' हे अस्सल मराठी आडनाव दत्तक वडिलांचं, मुंबईच्या हरेन स्थळेकरांचं. अशा मुलांना मुळांचा शोध घ्यायचा झाला, तर 2022 च्या दत्तक नियमांनुसार अठरा वर्षांनंतर स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी पालकांसह. मात्र जन्मदात्या आईची गोपनीयता त्या हक्कापुढे मोडता येत नाही.

डीएनए चाचणी कागदाला विचारत नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणून फत्तेसिंहाचं वाय लोखंड्यांचंच. सख्ख्या चुलतभावांत साधारण साडेबारा टक्के डीएनए सामाईक निघतो, पण तो जुळायला समोरच्यानेही चाचणी केलेली हवी. आनुवंशिक आजाराबद्दल डॉक्टर विचारतात, तेव्हा उत्तर जनक घराण्यातच असतं. जमिनीचा फेरफार मात्र दत्तक घराण्याच्या नावे.

म्हणून कागदावर दोन्ही रेघा हव्यात: दत्तक बापाकडून ठळक, जनक बापाकडून तुटक, बाजूला दत्तविधानाचं साल, मूळ नाव आणि गाव. पुरावा नोंदणीकृत दत्तकपत्रात, फेरफारात, नाहीतर बैलावरून येऊन पिढ्या म्हणून दाखवणाऱ्या हेळव्याच्या तोंडी सापडतो. मात्र हेळवी जनक घराण्याचा गाठायला हवा, आणि त्यासाठी आधी गाव ठाऊक हवं. परंड्याच्या त्या म्हातारीला गाव आठवतं. आडनावापाशी ती अडते, आणि पुन्हा पहिल्यापासून नावं म्हणू लागते.