दुखणे आतड्याचे, दोष स्वभावाचा

पोट आणि मन यांचे नाते मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखले आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, दुसऱ्याचे बरे झालेले पाहून पोटात दुखते, अपराध आपण पोटात घालतो आणि गुपित पोटात ठेवतो. या भाषिक शहाणपणाचा एक दुष्परिणाम मात्र असा की, ज्यांच्या आतड्याला खरोखरीच व्याधी जडली आहे त्यांनाही ‘तू सगळे फार मनाला लावून घेतोस, म्हणून हे होते’ असे घरोघरी ऐकावे लागते.

येथे विचार करावयाचा आहे तो अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन या दोन दीर्घकालीन आजारांचा. पहिल्यात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण होतात. दुसऱ्यात पचनमार्गाचा कोणताही भाग सापडू शकतो. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि जुलाब, रक्तस्राव, कळा व थकवा यांची आवर्तने वर्षानुवर्षे चालू राहतात. हे पाश्चात्यांचे आजार आहेत, ही समजूत आता टिकणारी नाही. पंजाबातील एका पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. तीत लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे आढळले होते. आपल्याकडे आतड्याचा क्षयही आढळतो आणि त्याचे रूप क्रोनशी इतके मिळतेजुळते असते की, खरे निदान होण्यापूर्वी अनेक रुग्ण महिनोन्महिने क्षयाची औषधे घेत असतात. त्याआधी संग्रहणी म्हणून कुड्याची पाळ आणि बेलाचा मुरंबा झालेला असतो, हे वेगळे सांगावयास नको.

रुग्णाच्या स्वभावाला दोष देण्याचे काम केवळ घरातील वडीलधाऱ्यांनीच केले असे नव्हे. ते पूर्वी वैद्यकशास्त्रानेही केले. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या सात व्याधी मनोजन्य म्हणून गणल्या, त्यांत पेप्टिक अल्सर होता, दमा होता आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसही होता. त्या काळच्या लिखाणात हा रुग्ण परावलंबी आणि त्याची आई वर्चस्व गाजविणारी, असे चित्र वारंवार रंगविले जाई. पुढे पेप्टिक अल्सरच्या मुळाशी बहुधा एक जंतू असतो हे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी दाखविले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जठराची अशी निर्दोष सुटका झाली; आतड्याच्या रुग्णावरील आरोप मात्र लोकमानसात कायम राहिला.

तेव्हा ताणाचा या आजाराशी काहीच संबंध नाही काय? तसे म्हणणेही शास्त्राला धरून होणार नाही. ताणामुळे आजार उत्पन्न होतो असे सिद्ध झालेले नाही. परंतु शमलेला आजार उफाळून येण्यात त्याचा वाटा असतो, असे दिसून आले आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातील रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत आजार उलटण्याशी ज्या गोष्टींचा संबंध आढळला, त्यांत रुग्णाला जाणवणारा ताण ठळक होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली उंदरांवरील प्रयोगांतून त्याची यंत्रणाही उलगडली. दीर्घ ताणात रक्तातील विशिष्ट संप्रेरके चढी राहतात, त्यांच्यामुळे आतड्याच्या स्वतःच्या मज्जासंस्थेतील पेशी बिघडतात आणि दाह वाढतो. दाह वाढला की चिंता वाढते, हे सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. वाट दुहेरी आहे.

मात्र ‘ताण घेऊ नकोस’ या उपदेशात एक गृहीत असते : ताण ही जणू रुग्णाने स्वखुशीने घेतलेली वस्तू आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विचारावेसे वाटते की, हा ताण येतो तरी कोठून?

तो मुख्यतः शौचालयातून येतो. आजार उसळलेला असताना दिवसातून दहा-पंधरा वेळा आणि क्षणाचाही अवधी न देता शौचाची घाई होणाऱ्या माणसाने मुंबईच्या उपनगरी गाडीत, जिच्यात शौचालयच नाही, तासभर उभे कसे राहावे? लांब पल्ल्याच्या एस. टी.त बसावे कसे? चाळीच्या टोकाला असलेल्या सामायिक शौचालयासमोरील रांगेत त्याने आपली घाई कोणाकोणाला समजावून सांगावी? अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००५ साली कायदा करून, अशा रुग्णाला दुकानातील कर्मचाऱ्यांचे शौचालय वापरू देणे काही अटींवर बंधनकारक केले. मुंबईत २०११ साली स्त्रियांनी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी केली, तेव्हा तिच्या नावालाच नाके मुरडणारे सुशिक्षित कमी नव्हते!

दुसरा ताण कुटुंबाचा. आणि कुटुंब हाच या रुग्णाचा सर्वांत मोठा आधारही असतो, ही त्यातील गुंतागुंत. आजाराची सुरुवात पुष्कळदा ऐन तारुण्यात, म्हणजे लग्नाच्या बोलण्यांच्या वेळी होते. मुलगा असेल तर ‘पोट जरा नाजूक आहे’ एवढ्यावर भागते. मुलगी असेल तर आजार लपविला जातो. मग सासरी गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, कधी त्या बंदही होतात, आणि औषध सोडणे हे आजार उलटण्याचे सर्वश्रुत कारण आहे. वस्तुतः आईबापांपैकी एकाला हा आजार असला तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. परंतु एवढी माहिती कोणत्या स्थळाच्या वेळी विचारली जाते?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरातील बिनमोल कामासाठी स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. घरातला पुरुष आजारी पडला की त्याचा वेगळा मऊ भात, वेगळी बिनतिखटाची भाजी या २८९ मिनिटांतच शिजते. स्त्रीच आजारी पडली तर? तिचे वेगळे कोण शिजविणार? बहुधा सर्वांसाठी केलेले तिखट कालवण तीही शेवटच्या पंगतीला खाते आणि त्रास झाला की ‘पथ्य पाळत नाही’ हे ऐकते.

पैशाचा ताण याहून स्पष्टपणे मोजता येतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणारा भाग २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु आपला विमा प्रामुख्याने रुग्णालयातील खाटेभोवती रचलेला आहे. या रुग्णाचा खर्च रोजच्या गोळ्या, तपासण्या आणि बुडालेला पगार यांत विखुरलेला असतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार नोंदविले आहेत. त्यांत या आजारांचा स्वतंत्र उल्लेख नाही. जपानने दुःसाध्य आजारांसाठी १९७२ साली धोरण आखले, २०१४ साली त्याचा कायदा केला, आणि हे दोन्ही आजार सरकारी साहाय्याच्या यादीत आहेत. त्या देशाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी २०२० साली अल्सरेटिव्ह कोलायटिस उलटल्याचे जाहीरपणे सांगून पद सोडले. आपल्याकडे साधा कारकूनही रजेच्या अर्जात ‘ताप’ असे लिहितो.

शिक्षणसंस्थाही यातून सुटत नाहीत. परीक्षागृहातून पहिला अर्धा तास बाहेर जाऊ न देण्याचा नियम नक्कल रोखण्यासाठी आहे, आणि पर्यवेक्षक म्हणून तो मीही राबवीत असतो. वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला दाराजवळची जागा, सोबत एक शिपाई आणि बाहेर गेलेला वेळ शेवटी भरून देणे, एवढी सवलत द्यावयास कोणत्याही विद्यापीठाला वेगळी तरतूद करावी लागणार नाही. विद्यार्थ्याला मात्र त्यासाठी आपल्या आजाराचे नाव वर्गासमोर उच्चारावे लागू नये. ते कार्यालयात एकदा, बंद पाकिटात देता आले पाहिजे.