दाह निवविणारे स्निग्ध रेणू आणि कर्करोग

कापणी करताना विळा लागून बोट कापले, की थोड्याच वेळात ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. रोगजंतूंचा नाश व्हावा आणि जखम भरून यावी, यासाठी शरीराने केलेली ही तजवीज म्हणजे दाह होय. काही दिवसांत सूज उतरते. दाह निर्माण करणारी द्रव्ये संपली की तो आपोआप निवतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. गेल्या चार दशकांतील संशोधनाने ही समजूत बदलली आहे. दाह निवविण्यासाठी शरीर स्वतंत्र रेणू तयार करते आणि हे रेणू मेदाम्लांपासून बनतात.

यांपैकी लिपॉक्सिन हे रेणू १९८४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएलसन आणि चार्ल्स सेरहान यांच्या संशोधनातून पुढे आले. पुढे सेरहान यांच्या बोस्टन येथील प्रयोगशाळेने रिझॉल्व्हिन, प्रोटेक्टिन आणि मॅरेसिन हे रेणू शोधले. ते ईपीए व डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लांपासून तयार होतात. हे रेणू दाहाच्या जागी येणाऱ्या पांढऱ्या पेशींचा ओघ थांबवितात आणि भक्षकपेशींना मृत पेशींचा कचरा उचलण्यास प्रवृत्त करतात.

न भरणारी जखम

दाह वेळेवर निवला नाही, तर तो कर्करोगास पोषक ठरू शकतो. कर्करोगाच्या गाठींत पांढऱ्या पेशी असल्याचे जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशो यांनी १८६३ मध्येच नोंदविले होते. १९८६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी अशा गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले. हिपॅटायटिस-बी विषाणूमुळे यकृताचा, तर हेलिकोबॅक्टर पायलोरी जिवाणूमुळे जठराचा कर्करोग होऊ शकतो. या दोन्हींच्या मुळाशी वर्षानुवर्षे टिकून राहिलेला दाह असतो.

बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले उंदरांवरील प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. केमोथेरपीसारख्या उपचारांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, पण त्यांचे अवशेष मागे राहतात. या अवशेषांमुळे भक्षकपेशी दाहकारक द्रव्ये सोडतात आणि वाचलेल्या कर्करोगपेशींची वाढ वेगाने होते, असे त्यांना आढळले. रिझॉल्व्हिन अत्यल्प मात्रेत दिल्यावर अवशेष उचलले गेले, दाहकारक द्रव्ये घटली आणि गाठींच्या वाढीला आळा बसला. रोगपेशी मारण्याइतकेच त्यांचे अवशेष हटविणेही महत्त्वाचे असू शकते, हा या प्रयोगांचा इशारा आहे. मात्र उंदरांवरील यश म्हणजे माणसांसाठी सिद्ध झालेला उपचार नव्हे.

जवस, मासे आणि मर्यादा

ईपीए व डीएचए तारली, बांगडा यांसारख्या माशांतून थेट मिळतात. विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि झारखंड येथे पिकणाऱ्या जवसाच्या तेलात साधारण निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ मेदाम्लाचा असतो. शरीरात त्याचे ईपीएमध्ये अल्प, तर डीएचएमध्ये अत्यल्प प्रमाणात रूपांतर होते. जवस खाद्यातून दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत ओमेगा-३ चे प्रमाण वाढते, हा पर्याय शाकाहारी नसलेल्या कुटुंबांना उपयुक्त आहे.

तथापि, ओमेगा-३ खाल्ल्याने कर्करोग टळतो, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत २५,८७१ व्यक्तींवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत सुमारे पाच वर्षे दररोज १ ग्रॅम सागरी ओमेगा-३ देऊनही कर्करोगाचे प्रमाण घटले नाही. अन्नातील मेदाम्ल हा केवळ कच्चा माल आहे. त्यापासून योग्य रेणू, योग्य जागी आणि योग्य वेळी तयार होणे ही निराळी गोष्ट आहे.

म्हणून जवसाची चटणी ताटात अवश्य असावी. परंतु तेलाच्या किंवा कॅप्सूलच्या भरवशावर कर्करोगाची तपासणी लांबणीवर टाकणे अथवा चालू उपचार सोडणे जिवावर बेतू शकते. संशोधनाची दिशा आशादायक आहे; तोवर रुग्णाने डॉक्टरांचा सल्लाच प्रमाण मानावा.