दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही! रूट कॅनालला जाण्याआधी हे माहिती असू द्या

दाढ दिवसभर थोडीफार कुरकुर करते आणि रात्री आडवं झालं की ठणकायला लागते. मग घरगुती उपाय सुरू होतात. कुणी लवंग धरतं, कुणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काही जण दाढेपाशी तंबाखू नाहीतर खर्राही दाबून धरतात. दोन-चार दिवसांत दुखणं थांबतं आणि दवाखान्यात जायचं राहून जातं.

इथेच फसगत होते. दाताच्या बाबतीत दुखणं थांबणं आणि आजार बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात आला की रूट कॅनाल म्हणजे काय, ते का करायचं आणि अर्धवट का सोडायचं नाही, हे सगळं सोपं होतं.

दाताच्या आत काय असतं?

दाताचं बाहेरचं पांढरं, टणक कवच म्हणजे इनॅमल. त्याखाली डेंटिन नावाचा थोडा मऊ थर असतो. अगदी आत एक पोकळी असते, तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग असतो. त्याला पल्प म्हणतात. बोलताना आपण त्यालाच 'दाताची नस' म्हणतो. हा पल्प बारीक नळ्यांमधून मुळाच्या टोकापर्यंत जातो. या नळ्या म्हणजे रूट कॅनाल. समोरच्या दातात साधारणपणे अशी एकच नळी असते, तर मागच्या दाढेत तीन किंवा चार.

कीड इनॅमलमध्ये असते तेव्हा काहीच कळत नाही. डेंटिनपर्यंत गेली की थंड-गोड लागतं. या टप्प्यावर नुसतं सिमेंट भरून काम भागतं. कीड पल्पपर्यंत पोचली की मात्र आत सूज येते. शरीरात दुसरीकडे सूज आली तर त्वचा ताणली जाते, दाताला तशी सोय नाही. चहूबाजूंनी टणक भिंती असल्यामुळे दाब आतच वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री ठणका जास्त जाणवतो.

दुखणं तीनदा थांबतं आणि तिन्हीदा फसवतं

पहिल्यांदा ते गोळीने थांबतं. वेदनाशामक गोळी सूज आणि वेदना कमी करते, पण कीड जिथल्या तिथे राहते. अनेक जण सोबत अँटिबायोटिकही घेतात. त्याचा उपयोग मर्यादित आहे. औषध रक्तातून पोचतं आणि मेलेल्या पल्पमध्ये रक्तपुरवठाच नसतो. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की दातावर प्रत्यक्ष उपचार होणार असतील, तर बहुतेक दाढदुखीत अँटिबायोटिकची गरज नसते. ताप किंवा चेहऱ्यावर पसरणारी सूज असेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टर ठरवतील.

दुसऱ्यांदा ते नस मेल्यामुळे थांबतं. आठ-दहा दिवस ठणकणारी दाढ अचानक शांत होते, थंडही लागेनासं होतं. वाटतं, सुटलो. खरं तर वेदना कळवणारी नसच आता उरलेली नसते. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याच्या हाडात पू करत राहतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी येते, नाहीतर एका सकाळी गाल सुजलेला असतो.

तिसऱ्यांदा ते रूट कॅनालच्या पहिल्या खेपेनंतर थांबतं. आतला दाब मोकळा होतो आणि पेशंटला वाटतं, काम झालं. पुढची तारीख चुकते. पण त्या दातावर असतं फक्त तात्पुरतं सिमेंट. ते काही आठवड्यांत झिजतं, त्याच्या कडेने लाळ आणि जंतू आत शिरतात आणि साफ केलेल्या नळ्या पुन्हा दूषित होतात.

रूट कॅनालमध्ये करतात काय?

आधी एक्स-रे काढतात. दाताच्या छोट्या एक्स-रेतून मिळणारे किरण निसर्गातून आपल्याला दिवसभरात मिळतात साधारण तेवढे किंवा त्याहून कमी असतात. मग इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. दाताला वरून छिद्र पाडून पल्प काढतात, बारीक फाइल्सनी नळ्या साफ करतात आणि जंतुनाशक द्रावणाने पुन्हा पुन्हा धुतात. हे द्रावण बहुधा सोडियम हायपोक्लोराइटचं असतं, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचमधलंच रसायन. ते घशात जाऊ नये आणि लाळ दातात येऊ नये यासाठी दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात. त्याला रबर डॅम म्हणतात.

साफ झालेल्या नळ्या गटापर्चाने भरतात. गटापर्चा म्हणजे मलेशिया-इंडोनेशियाकडच्या जंगलात वाढणाऱ्या एका झाडाचा सुकवलेला चीक. आपला मोह आणि चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलींवर याच चिकाचं आवरण असायचं. पाणी आत शिरू देत नाही, हा त्याचा गुण दाताच्या मुळातही कामी येतो.

खूप दुखतं का?

नीट बधिर केलं असेल तर दाब आणि कंप जाणवतो, कळ येऊ नये. एक अपवाद आहे. खालची दाढ खूप ठणकत असताना गेलात, तर पहिलं इंजेक्शन पुरेसं लागू न होण्याची शक्यता असते. अशा वेळी दात-ओठ खाऊन सहन करू नका. हात वर करा, डॉक्टर आणखी भूल देऊ शकतात. उपचारानंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं सामान्य आहे. ते वाढत गेलं किंवा सूज आली तर परत दाखवा.

गाव लांब असेल तर?

आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या माणसाला दाताच्या डॉक्टरकडे तीनदा जायचं म्हणजे तीन दिवसांची मजुरी आणि तीनदा एसटीचं भाडं. त्यात तेंदूपत्त्याचा हंगाम किंवा धानाची रोवणी आली की तारीख हुकतेच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. तात्पुरतं सिमेंट मात्र पूर ओसरायची वाट पाहत नाही.

त्यामुळे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा, 'मी लांबून येतो, एकाच खेपेत होईल का?' एका बैठकीतलं आणि अनेक बैठकांमधलं रूट कॅनाल यांची तुलना करणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यात यशाच्या बाबतीत ठळक फरक दिसलेला नाही. एका बैठकीनंतर पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं जास्त असू शकतं. पू वाहत असेल किंवा नळ्या वाकड्या असतील तर डॉक्टर दुसरी खेप सांगतील. तसं असेल तर पुढची तारीख हंगाम आणि पाऊस बघून आधीच ठरवा.

कॅप लावायलाच हवी का?

मागच्या दाढेला बहुतेक वेळा हो. कीड आणि छिद्र यांमुळे दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात आणि चावण्याचा सगळा भार तिच्यावरच येतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कॅप न लावलेले रूट कॅनाल झालेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप लावलेल्यांपेक्षा सहापट दिसलं होतं. समोरच्या दाताचा बराच भाग शाबूत असेल तर कधी नुसतं सिमेंटही पुरतं.

मग असा दात टिकतो किती? वेगवेगळ्या अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्यानुसार, रूट कॅनालनंतर २ ते १० वर्षांनीही १०० पैकी साधारण ८६ ते ९३ दात तोंडात टिकून होते.

आपल्या भागात या तीन गोष्टी डॉक्टरांना सांगाच

खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा दाताचं दुहेरी नुकसान करतो. टणक सुपारीने दात झिजतात, त्यांना तडे जातात. त्याहून गंभीर म्हणजे सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठर होते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. या आजाराला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तोंडच पुरेसं उघडत नसेल तर मागच्या दाढेपर्यंत फाइल पोचणार कशी? स्वतः तपासून बघा. आपली तीन बोटं एकावर एक अशी उभी दातांमध्ये जायला हवीत. जात नसतील तर दाढ दुखत नसली तरी तोंड दाखवून या. खर्रा सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मोफत सल्ला मिळतो. गडचिरोलीत २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरोधात 'मुक्तिपथ' अभियान सुरू आहे.

सिकलसेल: गडचिरोली आणि चंद्रपुरात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात रक्तवाहिन्या अडल्याने कीड नसलेल्या दातातही कळा येऊ शकतात, नसही मरू शकते. शिवाय दातातला संसर्ग वाढला तर सिकलसेलचा त्रास उसळू शकतो. त्यामुळे दुखणं अंगावर काढू नका. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते सोबत न्या.

फ्लोराइड: चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा पर्याय नसेल तर जास्तीत जास्त दीड, असं भारतीय मानक सांगतं. लहानपणी असं पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. हे डाग म्हणजे कीड नव्हे. नुसत्या डागांसाठी रूट कॅनाल लागत नाही.

याशिवाय मधुमेह, हृदयाचा आजार, गर्भारपण, औषधांची ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काही असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

त्यापेक्षा दाढ काढलेली बरी नाही का?

कधी कधी खरंच बरी. मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या वर दात उरलाच नसेल किंवा त्रास देणारी अक्कलदाढ असेल, तर डॉक्टरच काढायला सांगतात. पण वाचण्यासारखी दाढ स्वस्तात सुटका म्हणून काढली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि समोरचा दात लांबू लागतो. पुढे ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च रूट कॅनालपेक्षा जास्त होऊ शकतो.

'रूट कॅनालने कॅन्सर होतो' ही रील खरी आहे का?

नाही. या समजुतीचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने १९२० च्या दशकात रूट कॅनाल केलेल्या दातांमुळे इतर आजार होतात असा दावा केला होता. त्याचे प्रयोग सदोष असल्याचं पुढच्या संशोधकांना आढळलं. हाच दावा करणारा 'रूट कॉज' नावाचा माहितीपट नेटफ्लिक्सने २०१९ साली टीकेनंतर काढून टाकला.

खर्चाचं काय?

रूट कॅनालचा आणि कॅपचा खर्च बहुतेक ठिकाणी वेगवेगळा सांगतात. त्यामुळे आधी दोन्हींचा मिळून आकडा विचारा. बहुतेक आरोग्य विम्यांत नेहमीचे दातांचे उपचार धरत नाहीत. सरकारी रुग्णालयात जायचं असेल तर तिथे दंतशल्यचिकित्सक आहेत का, दाढेचं रूट कॅनाल होतं का, हे फोन करून विचारा. काही ठिकाणी फक्त दात काढण्याची आणि भरण्याची सोय असते. गुंतागुंतीच्या केससाठी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा पर्याय आहे. बाजारात बसून दात 'बसवून' देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. दातांच्या डॉक्टरकडे किमान बीडीएस पदवी आणि डेंटल कौन्सिलची नोंदणी असायला हवी.

अपॉइंटमेंटची वाट न बघता रुग्णालय कधी गाठायचं?

सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकत असेल, जीभ वर उचलल्यासारखी वाटत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, सुजेसोबत ताप असेल, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. श्वास अडत असेल तर १०८ वर फोन करा. हा संसर्ग जीवावर बेतू शकतो.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न (स्क्रीनशॉट काढून ठेवा)

• हा दात वाचण्यासारखा आहे का? एक्स-रेत काय दिसतंय?
• नुसतं सिमेंट भरून भागेल का?
• किती खेपा लागतील? एका खेपेत होईल का?
• रबर डॅम लावणार का?
• कॅप लागेल का, कधी लावायची आणि सगळं मिळून किती खर्च येईल?
• तात्पुरतं सिमेंट निघालं तर काय करायचं?

आणि निघताना एक्स-रेचा मोबाइलवर फोटो काढा, कोणत्या दातात काय केलं हे कागदावर लिहून घ्या. अहेरीत सुरू केलेला उपचार चंद्रपुरात पूर्ण करायची वेळ आली, तर पुढच्या डॉक्टरला तोच कागद लागेल.