मायल क्रीकचा मॅजिस्ट्रेट

नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ साली संपले आणि ब्रिटिश साम्राज्यापुढे एक नवाच प्रश्न उभा राहिला. हाताला काम नसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या या फौजेचे करायचे काय? अर्ध्या पगारावर किती जणांना घरी बसवायचे? उत्तर वसाहतींनी दिले. जेथे नकाशाची रेषा पुसट होती आणि कैद्यांची संख्या मोठी होती, तेथे हुकूम सोडण्याची सवय असलेला माणूस उपयोगी पडे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स ही तर मुळात कैद्यांचीच वसाहत. तेथे 'पोलीस मॅजिस्ट्रेट' नावाचे एक पद निर्माण झाले आणि त्या पदावर निवृत्त कॅप्टन-लेफ्टनंटांच्या नेमणुका सर्रास होऊ लागल्या.

हे पद मोठे विलक्षण होते. एकच माणूस आपल्या मुलखातील पोलिसांचा प्रमुख, गुन्ह्याचा तपासनीस आणि न्यायासनावर बसणारा दंडाधिकारीही असे. कारभार आणि न्याय एकाच हाती असण्याचे परिणाम काय होतात, हे येथील वाचकाला सांगायला नको. कलेक्टर-मामलेदारांच्या कचेऱ्यांतून ही व्यवस्था आपल्याकडेही दीर्घकाळ नांदली, आणि मुंबई राज्यात ती मोडण्यासाठी १९५१ सालचा कायदा करावा लागला. परंतु न्यू साउथ वेल्समध्ये या पदाला एक दुसरी बाजू होती. त्यापूर्वी तेथे न्यायदान करीत ते बिनपगारी, मानद मॅजिस्ट्रेट. म्हणजे आसपासचे जमीनदारच. एकाच्या कैदी-नोकराला दुसऱ्याने फटक्यांची शिक्षा द्यायची, दुसऱ्याच्या नोकराला पहिल्याने. पोलीस मॅजिस्ट्रेट हा सरकारचा पगारी नोकर. त्याचे पोट शेजारच्या जमीनदाराच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. १८३८ सालच्या हिवाळ्यात या एका क्षुल्लक वाटणाऱ्या फरकाला फार मोठा अर्थ प्राप्त झाला.

एडवर्ड डेनी डे याचा जन्म १८०१ मधला. आयर्लंडमधील केरी परगण्यातल्या एका धर्मोपदेशकाचा हा मुलगा. १८२० मध्ये तो पायदळाच्या ४६व्या पलटणीत दाखल झाला, हिंदुस्थानात त्याने चाकरी केली, पुढे ६२व्या पलटणीत लेफ्टनंट झाला आणि प्रकृती ढासळल्यामुळे १८३४ मध्ये सिडनीस लष्कराचा राजीनामा देऊन मोकळा झाला. त्यानंतर काही काळ सरकारी कचेरीत कारकुनी, मग मॅजिस्ट्रेटगिरी. वसाहतीच्या पोस्टमास्तर-जनरलच्या मुलीशी त्याचा विवाह झाला होता. १८३७ साली हंटर नदीच्या खोऱ्यातील मसलब्रूक या ठाण्यावर त्याची नेमणूक झाली. येथवरच्या चरित्रात इतिहासाने दखल घ्यावी असे काही नाही. अशी माणसे साम्राज्यात पैशाला पासरी होती.

मसलब्रूकपासून दीडशे मैलांहून अधिक उत्तरेस, ग्वायडर नदीच्या आश्रयाने, वसाहतीच्या अधिकृत सीमेपलीकडे गुरांची ठाणी पसरत चालली होती. जमीन कामिलरोय लोकांची. तेथे हेन्री डँगर या बड्या जमीनदाराचे मायल क्रीक नावाचे ठाणे होते. १८३८ च्या मे महिन्यात विरायाराय या कामिलरोय शाखेची काही कुटुंबे त्या ठाण्यावर येऊन राहिली. चार्ल्स किलमायस्टर नावाच्या गुराख्यानेच त्यांना बोलाविले होते. संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर नाचे, गाई. मुलांना गोऱ्यांनी 'चार्ली'सारखी नावे दिली होती आणि एका धिप्पाड वृद्धाला सगळे 'डॅडी' म्हणत.

१० जून १८३८. रविवार. टोळीतील तरुण पुरुष शेजारच्या ठाण्यावर झाडांच्या साली काढण्याच्या कामाला गेले होते. ठाण्याचा कारभारी विल्यम हॉब्सही बाहेरगावी होता. सायंकाळच्या सुमारास बंदुका आणि तलवारी घेतलेले घोडेस्वार आले. त्यांचा म्होरक्या जॉन फ्लेमिंग हा याच वसाहतीत जन्मलेला स्वतंत्र गोरा. बाकीचे सारे आजी-माजी कैदी. त्यांना पाहताच ती माणसे किलमायस्टर आणि त्याचा सोबती जॉर्ज अँडरसन यांच्या झोपडीत आश्रयाला धावली. स्वारांनी त्यांना एका लांब दोरखंडाला बांधून बाहेर काढले. ज्या किलमायस्टरच्या भरवशावर ती तेथे राहिली होती, तोही घोड्यावर स्वार होऊन मारेकऱ्यांत सामील झाला. अँडरसन मात्र गेला नाही. त्याला दोनच बार ऐकू आले. उरलेले काम तलवारींनी केले होते. किमान अठ्ठावीस माणसे मारली गेली, त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. दोन दिवसांनी तीच मंडळी प्रेते जाळण्यासाठी परतली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही कत्तल अपवादात्मक नव्हती. त्याच वर्षाच्या जानेवारीत मेजर नन याच्या हाताखालील सरकारी घोडेस्वार पोलिसांनी वॉटरलू क्रीक येथे कामिलरोय लोकांना ठार मारले होते आणि त्याबद्दल कोणावरही खटला झाला नाही. गोऱ्या गुराख्यांचा समज असा की, काळ्या माणसाला मारणे हा गुन्हाच नव्हे. हा समज त्यांनी हवेतून उचललेला नव्हता. सरकारी वर्तनानेच तो त्यांना शिकविला होता.

अपवाद घडला तो पुढे. हॉब्स परतला. त्याने राख पाहिली, अर्धवट जळलेली मस्तके पाहिली आणि गप्प न बसता कागद पुढे ओढला. मालकाची मर्जी जाईल हे त्याला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. पुढे डँगरने त्याला नोकरीवरून काढलेच. बातमी मसलब्रूकला डेकडे आणि तेथून सिडनीला गेली. नवे गव्हर्नर जॉर्ज गिप्स फेब्रुवारीतच येऊन पोचले होते. तेही जुने सैनिक, स्पेनमधील मोहिमेत लढलेले. मूळ रहिवाशांना ब्रिटिश प्रजाजन मानावे, त्यांच्या खुनाचा तपास इतर कोणत्याही खुनाप्रमाणे व्हावा, असा लंडनचा नवा आग्रह होता. गिप्स यांनी डेला घोडेस्वार पोलीस घेऊन जाण्याचा हुकूम दिला.

डे जुलैत निघाला. त्याची ही मोहीम सुमारे सात आठवडे चालली. तीत चकमक नाही की पराक्रम नाही. एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्यावर जायचे, माणसाला शपथ द्यायची, प्रश्न विचारायचे, उत्तर लिहून घ्यायचे, ते वाचून दाखवायचे आणि खाली सही किंवा निशाणी. घटनास्थळी तोवर हाडांचे तुकडे, मुलाची एक बरगडी, काही दात एवढेच हाती लागण्याजोगे उरले होते. कोणीतरी तेथे पद्धतशीर साफसफाई केली होती. म्हणजे साक्षीपुराव्याचा सारा भार जिवंत माणसांच्या तोंडावर. आणि बोलणार कोण? अँडरसन हा स्वत: जन्मठेपेचा कैदी, आरोपींच्या गराड्यात एकाकी राहणारा. प्रथम तो बिचकला. मग मात्र बोलला आणि कोर्टात अखेरपर्यंत डगमगला नाही. त्याच्या जिवाला असलेला धोका ओळखून डेने त्याला आपल्याबरोबर घेतले. बारांपैकी अकरा आरोपी पकडले गेले. निसटला तो एकटा फ्लेमिंग. जो स्वतंत्र होता, ज्याला जवळ नातेवाईक आणि चांगला घोडा होता, तोच.

१५ नोव्हेंबरला सिडनीत मुख्य न्यायमूर्ती डाउलिंग यांच्यापुढे खटला उभा राहिला. आरोप 'डॅडी'च्या खुनाचा. जमीनदारांनी वर्गणी काढून आरोपींसाठी नामांकित वकील दिले. वर्गणीदारांत खुद्द डँगर होता. जळून गेलेले ते धूड 'डॅडी'चेच कशावरून, या मुद्द्यावर बचावाने जोर दिला. ज्यूरीने पाव तासाच्या आसपास विचार केला आणि अकराही जणांना निर्दोष ठरविले. प्रेक्षकांत आनंदीआनंद झाला. परंतु ॲटर्नी-जनरल जॉन प्लंकेट यांनी आरोपींना सोडू नये अशी तत्काळ विनंती केली. डेने जमविलेल्या जबान्यांत एकाच खुनाचा पुरावा नव्हता. नोव्हेंबरअखेर सात जणांवर न्यायमूर्ती बर्टन यांच्यापुढे एका लहान मुलाच्या खुनाचा खटला चालला. या ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. १८ डिसेंबर १८३८ रोजी सकाळी सिडनीच्या तुरुंगात किलमायस्टरसह सातही जण फासावर चढले.

वसाहत खवळली. 'सिडनी हेरल्ड'ने महिनोन्महिने विष ओकले. गोऱ्यांच्या दृष्टीने डे हा आपल्याच माणसांना फाशी देणारा ठरला. मात्र दोनच वर्षांनी, १८४० च्या डिसेंबरात, एडवर्ड डेव्हिस याच्या फरारी कैद्यांच्या टोळीने स्कोन येथे एका दुकानातील कारकुनाला गोळी घालून ठार केले, तेव्हा याच डेने स्वयंसेवकांची तुकडी घेऊन पाठलाग केला आणि मुरुरुंडीजवळच्या डोबॉय हॉलो येथे टोळीला गाठून पकडले. आता तो साऱ्या खोऱ्याचा वीर झाला! माणूस तोच, अधिकार तोच, घोडाही कदाचित तोच असेल. बदलला होता तो मेलेल्याचा रंग.

तरीही डेला न्यायाचा पुतळा करून ठेवणे भाबडेपणाचे होईल. तो ज्या सत्तेचा नोकर होता, त्या सत्तेनेच ग्वायडरच्या काठची जमीन गुरांना मोकळी करून दिली होती. खटला खुनाचा झाला, जमिनीचा कधीच नाही. फासावर गेले ते नोकर. डँगरच्या केसालाही धक्का लागला नाही. फ्लेमिंग हॉक्सबरी नदीकाठी प्रतिष्ठित शेतकरी म्हणून दीर्घायुष्य भोगून १८९४ मध्ये वारला. फाशीमुळे कत्तली थांबल्या असेही नाही. मारणारे अधिक सावध झाले, साक्षीदार मागे ठेवीनासे झाले. डेला हे कळत होते. १८३९ मध्ये विधान परिषदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने स्पष्ट सांगितले की, त्या मुलखात घोड्यांवरून आणि शस्त्रे घेऊन मूळ रहिवाशांचा पाठलाग वारंवार होत असे आणि ठिकठिकाणी त्यांची मोठी संख्येने हत्या झाली होती. मायल क्रीक हे त्यांतील केवळ एक ठिकाण, आणि तेही कागदावर आले म्हणून ठाऊक झालेले.

सर्वांत बोचणारी गोष्ट आणखी निराळी आहे. त्या संध्याकाळी मारेकऱ्यांच्या मागोमाग गेलेला, प्रत्यक्ष पाहिलेला एक साक्षीदार होता. ठाण्यावर काम करणारा मूळ रहिवासी तरुण, यिंतायिंतिन. गोरे त्याला डेव्ही म्हणत. हॉब्सला प्रेतांची जागा त्यानेच दाखविली. पण ख्रिस्ती शपथेचा अर्थ ज्याला ठाऊक नाही त्याची साक्ष ग्राह्य नव्हती. उरलेल्या चौघांच्या खटल्यासाठी त्याला शपथेची समज देऊन उभे करावे, असा प्लंकेट यांचा प्रयत्न होता. डेव्ही सापडला नाही. तो पुढे कधीच सापडला नाही. फेब्रुवारी १८३९ मध्ये त्या चौघांना सोडून द्यावे लागले. मूळ रहिवाशांची साक्ष शपथेवाचून घेता यावी म्हणून गिप्स यांनी त्याच वर्षी कायदा केला, तो लंडनने नामंजूर केला. पुढचे विधेयक १८४४ मध्ये जमीनदारांच्या विधान परिषदेने फेटाळले.

डे काही काळ सिडनीच्या पोलीस दलाचा प्रमुख होता, आणि उतारवयात मेटलंड येथे पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर बसला. मायल क्रीकजवळच्या टेकडीवर २००० सालच्या जून महिन्यात स्मारक उभे राहिले. त्या प्रसंगी मारल्या गेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज एकत्र आले होते. २००८ मध्ये त्या जागेचा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसास्थळांत समावेश झाला. डे १८७६ साली मेटलंड येथे मरण पावला. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयांत मूळ रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरणारा कायदा संमत झाला तोही त्याच वर्षी. डेव्ही बेपत्ता झाल्याला तोवर अडतीस वर्षे होत आली होती.